पोटातला पू आणि सीबीसीचा कागद : सर्जरीत नव्याने आलेल्यांसाठी

सर्जरीच्या वॉर्डात पहिल्यांदा कॉलवर उभे राहणारे इंटर्न आणि हाउसमन, तुमच्यासाठी हे लिहितोय. मुंबईच्या पालिका रुग्णालयांत बरीच वर्षं काम करताना एक गोष्ट मी सतत पाहिली. रात्री अडीच वाजता पेरिटोनायटिसचा, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाला इन्फेक्शन झालेला पेशंट येतो, सीबीसी (रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी) जातो, रिपोर्ट येतो आणि त्यातला एकच आकडा फोनवरून रजिस्ट्रारला कळवला जातो. "सर, टीएलसी अठरा हजार." टीएलसी म्हणजे पांढऱ्या पेशींचा एकूण काउंट. बाकीचा कागद केस पेपरच्या मागे टोचला जातो आणि तिथेच राहतो. पेशंट पुढच्या चार दिवसांत कुठल्या दिशेने जाणार, याच्या खुणा त्या न वाचलेल्या भागात असतात. त्या वाचायला ना महागडं मशीन लागतं ना वेगळी तपासणी. रिपोर्ट हातात असतोच.

हे सगळं तुमच्या युनिटच्या सीनियरांच्या देखरेखीखाली वापरायचं आहे. कागद वाचून एकट्याने निर्णय घ्यायचा नाही. कागद वाचून वेळेत फोन करायचा आहे.

आधी एक पेशंट सांगतो. शिवडीकडून आलेला, चाळिशीतला, गोदीत ओझी उचलणारा. तीन दिवस पोटात दुखत होतं, तरी गल्लीतल्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या घेऊन कामावर जात राहिला. चौथ्या दिवशी बायकोने टॅक्सीत घालून आणला. पोट लाकडासारखं कडक नव्हतं, ती वेळ निघून गेली होती. फुगलेलं होतं, आतड्याचा आवाज नव्हता. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, हात थंड, नाडी १३०. माझ्याबरोबरचा हाउसमन रिपोर्ट घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा सुटल्यासारखा दिसत होता. "सर, काउंट फक्त ३,२०० आहे. फार इन्फेक्शन नसावं."

मी कागद हातात घेतला. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल (जंतूंवर पहिल्यांदा धावणाऱ्या) ८४ टक्के, लिम्फोसाइट (प्रतिकारशक्तीच्या) ८ टक्के, आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट ९८ हजार. पंचवीस हजारांचा काउंट बघून मला कधी एवढी भीती वाटली नव्हती. पोट उघडलं तेव्हा ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, पुढच्या भिंतीला जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचं भोक होतं आणि आत पोटभर पू. भोक बंद केलं, पोट धुतलं, पण तिसऱ्या दिवशी आयसीयूत तो गेला. त्या ३,२०० मध्ये ही बातमी आधीच लिहिलेली होती. ती ज्याला वाचता येते तो निदान वेळ वाया घालवत नाही, घरच्यांना खोटा दिलासा देत नाही आणि आयसीयूतली खाट आधीच मागून ठेवतो.

पहिली पायरी : कागदाच्या आधी हात

रिपोर्ट यायच्या आत तुमची निम्मी कामं झालेली असली पाहिजेत. नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग मोजा. पेशंट नीट उत्तर देतो की गोंधळलाय, ते बघा. फोलीज (लघवीची नळी) टाका आणि दर तासाची लघवी लिहा. श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, आणि भानावर फरक, या तिन्हींपैकी दोन गोष्टी दिसल्या तर सीबीसी काहीही म्हणो, हा पेशंट गंभीर आहे.

व्हेनफ्लॉन (शिरेतली सलाइनची सुई) लावतानाच रक्त काढा, म्हणजे दुसरी सुई टोचावी लागत नाही. ब्लड कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्या, पण कल्चरच्या बाटलीसाठी अँटिबायोटिक अडकवून ठेवू नका. शॉकमधल्या पेशंटला ते पहिल्या तासात गेलं पाहिजे. सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट सुरू करा. शॉक असेल किंवा रक्तातलं लॅक्टेट (पेशींना रक्त कमी पडतंय याची खूण) खूप वाढलेलं असेल तर पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली हे सुरुवातीचं माप धरतात, मग पेशंट बघून पुढचं ठरवतात.

उभ्याने काढलेल्या एक्स-रेत डायफ्रामखाली (छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली) हवा दिसली, पोट सगळीकडे दुखतंय, तर ऑपरेशनचा निर्णय काउंटवर अवलंबून नसतो. नॉर्मल टीएलसी पेरिटोनायटिस नाकारत नाही. सीबीसी दोन प्रश्नांची उत्तरं द्यायला मदत करतो. हा पेशंट किती खोल पाण्यात आहे? आणि आपण जे केलं त्याचा उपयोग होतोय का?

दुसरी पायरी : जांभळा बल्ब नीट भरणं

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण निम्मे खोटे आकडे इथे तयार होतात. सीबीसी जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये जातो. त्यात ईडीटीए असतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. खुणेपर्यंत भरा, कमी नाही, जास्त नाही. भरल्यावर लगेच आठ-दहा वेळा हळुवार उलटासुलटा करा. खळखळून हलवू नका, त्याने पेशी फुटतात. न हलवता ट्रेमध्ये ठेवलात तर बारीक गुठळ्या होतात आणि मशीन प्लेटलेट कमी दाखवतं.

एकाच वेळी बरेच बल्ब भरत असाल तर कोॲग्युलेशनचा (रक्त गोठण्याच्या तपासणीचा) निळा आधी, मग साधा लाल, मग जांभळा. जांभळ्यातलं रक्त उरलं म्हणून लाल बल्बमध्ये ओतण्याची सवय काहींना असते. ती आजच सोडा. त्या ईडीटीएत पोटॅशियमचा क्षार असतो, म्हणून पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं आणि कॅल्शियम खोटं कमी येतं. रात्रभर धावपळ होते ती वेगळीच.

ड्रिप चालू असलेल्या हातातून रक्त घ्यायचं नाही. हिमोग्लोबिन, टीएलसी, प्लेटलेट तिन्ही एकाच प्रमाणात खाली आले, म्हणजे सकाळी हिमोग्लोबिन १२, काउंट १६ हजार, प्लेटलेट २ लाख असताना संध्याकाळी ६, ८ हजार आणि १ लाख, तर पेशंट रक्त गमावतोय असं समजण्याआधी दुसऱ्या हातातून पुन्हा रक्त काढा. बहुतेक वेळा सिरिंजमध्ये अर्धं सलाइन आलेलं असतं. पण रक्तस्राव झालाय अशी थोडीही शंका असेल तर नवा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका. पोट बघा, नाडी बघा, सीनियरला बोलवा.

बल्बवर नाव, नोंदणी क्रमांक आणि वेळ पेशंटच्या खाटेजवळ उभं राहून लिहा, टेबलावर परत येऊन नाही. आणि वॉर्डच्या मामांना स्पष्ट सांगा की हा इमर्जन्सी लॅबला आत्ता जायचा आहे. खिडकीत दोन-चार तास पडलेल्या बल्बमधल्या प्लेटलेट फुगतात आणि स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थरावर) पेशींचे आकार बिघडतात.

तिसरी पायरी : टीएलसी, वर आणि खाली दोन्हीकडे

आधी एकक बघा. काही लॅब ३,२०० लिहितात, काही ३.२ आणि पुढे १०³. प्लेटलेट कुठे ९८,०००, कुठे ९८ तर कुठे ०.९८ लाख. रात्री तीन वाजता १२० बघून "प्लेटलेट एकशेवीस!" असं फोनवर ओरडणारा मुलगा मी ऐकलाय. ते १ लाख २० हजार होते.

मोठ्या माणसाचा नॉर्मल टीएलसी साधारण ४,००० ते ११,०००. सिर्सच्या, म्हणजे शरीरभर पेटलेल्या दाहाच्या, जुन्या व्याख्येत, जी १९९२ पासून आपण घोकत आलो, १२,००० च्या वर, ४,००० च्या खाली किंवा अपक्व न्यूट्रोफिल १० टक्क्यांपेक्षा जास्त, हे तीनही एकाच पारड्यात ठेवले होते. २०१६ च्या नव्या व्याख्येने सेप्सिस (इन्फेक्शनमुळे अवयव निकामी होऊ लागणं) ठरवताना टीएलसीला बाजूला केलं, कारण काउंट वाढणं ही शरीराची रास्त प्रतिक्रियाही असू शकते. अपेंडिक्सच्या तरुण पेशंटचा काउंट १७ हजार असतो आणि तो तिसऱ्या दिवशी घरी जातो.

वाढलेला काउंट सांगतो की लढाई चालू आहे. पडलेला काउंट बऱ्याचदा सांगतो की सैन्य संपत आलंय. पेरिटोनियमचं क्षेत्रफळ जवळजवळ आपल्या सगळ्या कातडीएवढं आहे. एवढ्या पृष्ठभागावर जंतू पसरले की न्यूट्रोफिल रक्तातून निघून तिकडे ओढले जातात. रक्तात न्यूट्रोफिल तसाही काही तासांचा पाहुणा. हाडांतली मज्जा नवे पुरवू शकली तर काउंट वर जातो, साठा संपला तर खाली येतो. मद्यपी, वयस्क, कुपोषित माणसांत तो साठा लवकर संपतो. म्हणून पोट पेटलेलं आणि काउंट ३,००० अशी जोडी दिसली की फोन उचला.

अपाची दोन नावाच्या आयसीयूतल्या स्कोअरमध्येही हे दोन्ही बाजूंनी मोजलं जातं. ३,००० ते १४,९०० ला शून्य गुण, १५ ते १९.९ हजारांना १, २० ते ३९.९ हजारांना २, ४० हजार किंवा वर ४. खालच्या बाजूला १,००० ते २,९०० ला २ आणि १,००० च्या खाली ४. खाली उतरताना १ गुणाची पायरीच नाही, थेट २. मला हे नेहमी बोलकं वाटतं.

फसवणाऱ्या काही गोष्टी : स्टेरॉइड घेणाऱ्याचा काउंट इन्फेक्शन नसतानाही वर असतो, आणि त्याचं पोट मात्र खोटं मऊ लागतं. गरोदर बाईचा काउंट १५ हजारांपर्यंत असणं स्वाभाविक, प्रसूतीच्या कळांमध्ये त्याहून वर. केमोथेरपीवरच्या पेशंटचा काउंट आधीच खाली. या सगळ्यांत एका आकड्यापेक्षा आधीचा रिपोर्ट शोधणं जास्त कामाचं.

चौथी पायरी : न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला आकडा हा, आणि तो रिपोर्टवर बऱ्याचदा छापलेलाही नसतो. तुम्हीच भागाकार करायचा. दोन्ही टक्केवारी एकाच काउंटची असते, त्यामुळे टक्के भागिले टक्के केलं तरी उत्तर तेच.

शिवडीच्या पेशंटचं बघा. ८४ भागिले ८, म्हणजे साडेदहा. निरोगी माणसात हे गुणोत्तर साधारण १ ते ३ च्या दरम्यान असतं. टीएलसीने हाउसमनला निश्चिंत केलं होतं, पण गुणोत्तर ओरडत होतं. एकूण लिम्फोसाइटही काढा : ३,२०० चे ८ टक्के म्हणजे २५६. मोठ्या माणसात ते हजाराच्या वर असायला हवेत.

हे गुणोत्तर २००१ मध्ये ब्रातिस्लावाच्या झाहोरेक यांनी आयसीयूतल्या पेशंटसाठी सोपं माप म्हणून मांडलं. त्यामागचा विचार सरळ आहे. मोठा ताण आला की कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनलिन वाढतात, न्यूट्रोफिल मज्जेतून आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरून सुटून रक्तात येतात. लिम्फोसाइट मात्र रक्तातून बाहेर पडतात, आणि गंभीर सेप्सिसमध्ये ते मोठ्या संख्येने मरतात. म्हणजे अंश वाढतो, छेद घटतो. टीएलसी नॉर्मल दिसत असतानाही आतली ही ओढाताण गुणोत्तरात उतरते, आणि बऱ्याचदा आधी उतरते.

कुठल्या आकड्याला घाबरायचं? सगळ्यांनी मान्य केलेली एकच रेघ नाही. अभ्यासागणिक ती हलते. माझी स्वतःची सवय सांगतो : पोटाच्या इन्फेक्शनमध्ये १० च्या वर गेलं की मी पेशंटला पुन्हा जाऊन बघतो, आणि योग्य ऑपरेशन झाल्यावर ४८ तासांत ते उतरायला लागलं नाही तर कारण शोधतो. ऑपरेशनच्या ताणानेही ते पहिल्या दिवशी चढतं, त्या दिवशी घाबरू नका.

लिम्फोसाइटचं वेगळं सांगायला हवं. पहिल्या दिवशी ते कमी असणं नेहमीचंच. चौथ्या दिवशीही ते वर आलेले नसतील तर प्रतिकारशक्ती थकलीय, दुसरं इन्फेक्शन होण्याची आणि पेशंट गमावण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे इथे एचआयव्ही आणि क्षयरोग हे दोन प्रश्न विचारायलाच हवेत, कारण दोन्हींत लिम्फोसाइट आधीपासून कमी असू शकतात आणि मुंबईत टीबीचं आतडं फुटून येणारे पेशंट तुम्हाला पहिल्याच वर्षात भेटतील.

रिपोर्टवर इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचाच आणखी एक प्रकार) शून्य आले असतील तर तेही वाचा. जंतूंच्या तीव्र इन्फेक्शनमध्ये ते गायब होतात आणि पेशंट सुधारायला लागला की परत येतात. चौथ्या-पाचव्या दिवशी १-२ टक्के इओसिनोफिल दिसले की मला बरं वाटतं.

पाचवी पायरी : प्लेटलेट

काउंट तासातासाला नाचतो, प्लेटलेट सहसा सावकाश हलतात. म्हणूनच त्यांचं पडणं जड असतं. सेप्सिसमध्ये बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, प्लेटलेट त्यात खर्च होतात. अवयव निकामी होण्याच्या सोफा स्कोअरमध्ये दीड लाखाच्या खाली १ गुण, १ लाखाच्या खाली २, ५० हजारांच्या खाली ३ आणि २० हजारांच्या खाली ४. म्हणजे १ लाख ६० हजारांवरून ९५ हजारांवर आलेल्या पेशंटने एकट्या प्लेटलेटवर २ गुण गोळा केले, आणि सोफात २ गुणांची वाढ झाली की सेप्सिसची आजची व्याख्या पूर्ण होते. रक्तस्राव होण्याची वाट बघायची नसते.

पण आधी खात्री करा. अचानक ४० हजार आले आणि पेशंटला कुठेही ठिपके किंवा रक्त नाही, तर लॅबमध्ये फोन करून स्मिअरवर प्लेटलेटचे पुंजके आहेत का ते विचारा. काही लोकांचे प्लेटलेट ईडीटीएमध्येच एकमेकांना चिकटतात. तेव्हा निळ्या बल्बमध्ये नमुना पाठवायचा आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण निळ्यातल्या सायट्रेटच्या द्रवाने रक्त तेवढं पातळ होतं.

पाचव्या ते दहाव्या दिवसात प्लेटलेट निम्म्यावर आले आणि पेशंटला हेपॅरिन चालू असेल, तर ते औषध कारण असू शकतं. हे सीनियरला त्याच दिवशी सांगा.

हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट आणि उरलेले

इथे फार वेळ घेत नाही. आल्या आल्या हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण, ५० च्या वर असेल तर पेशंट वाळलाय, पाणी पोटात आणि सुजलेल्या आतड्यांत गेलंय. सलाइननंतर हिमोग्लोबिन १-२ ग्रॅमने उतरतं, ते बहुतेक वेळा पातळ होणं असतं. आरडीडब्ल्यू, म्हणजे लाल पेशींच्या आकारातला फरक, साधारण १४.५ टक्क्यांपर्यंत नॉर्मल धरतात. सेप्सिसमध्ये तो वाढलेल्यांचं भवितव्य वाईट असतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, पण आपल्याकडे लोहाच्या कमतरतेने तो निम्म्या वॉर्डाचा वाढलेला असतो, म्हणून मी एकट्या आरडीडब्ल्यूवर भार टाकत नाही. एमपीव्हीचंही (प्लेटलेटच्या सरासरी आकाराचंही) तसंच. बल्ब उशिरा लॅबला पोचला की तो आपोआप वाढतो.

स्मिअर बघायला चला

दिवसा थोडी उसंत मिळाली की लॅबमध्ये जा आणि तुमच्याच पेशंटची काच मायक्रोस्कोपखाली बघा. न्यूट्रोफिलमध्ये गडद जाड दाणे, फिकट निळे डोले बॉडीज, पेशीत पोकळ्या, आणि केंद्रक घोड्याच्या नालेसारखं असलेल्या अपक्व पेशी. टेक्निशियन दादांना विचारलं तर ते आनंदाने दाखवतात. साध्या मशीनच्या पाच भागांच्या डिफरन्शियलमध्ये (पांढऱ्या पेशींच्या पाच प्रकारांच्या मोजणीत) अपक्व पेशी वेगळ्या मोजलेल्या नसतात, त्या डोळ्यांनीच मोजाव्या लागतात. टीएलसी ७,००० आणि त्यात १८ टक्के अपक्व, हा नॉर्मल रिपोर्ट नाही.

जून ते ऑक्टोबर, मुंबईचा पावसाळा

इथे नवीन माणूस सगळ्यात जास्त फसतो. पावसाळ्यात वॉर्डात येणाऱ्या तापाच्या पेशंटपैकी पोटात दुखणारे बरेच, आणि प्लेटलेट सगळ्यांचेच खाली.

डेंग्यूत पोट जोरात दुखू शकतं. टीएलसी कमी, प्लेटलेट कमी, हिमॅटोक्रिट चढलेलं. चित्र ढासळलेल्या पेरिटोनायटिससारखं दिसतं, पण गुणोत्तर काढलं तर सहसा कमी येतं, कारण लिम्फोसाइट वाढलेले असतात. पोटात पाणी आणि पित्ताशयाची भिंत जाड अशी सोनोग्राफी आली म्हणून सुरी उचलायची नाही. मलेरियातही प्लेटलेट पडतात, म्हणून स्मिअर मागवताना मलेरिया परजीवीसाठी असंही लिहा. लेप्टोमध्ये (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा ताप) उलट : प्लेटलेट कमी पण टीएलसी वाढलेला, न्यूट्रोफिल जास्त, सोबत कावीळ आणि लघवी कमी. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने लेप्टोची मोठी साथ पाहिली. तेव्हापासून "पाण्यातून चालला होतात का?" हा प्रश्न केस पेपरवर असायलाच हवा.

आणि टायफॉइड. ताप दोन-तीन आठवड्यांचा, मग अचानक पोटात कळ. लहान आतड्याचा शेवटचा भाग फुटलेला असतो. टायफॉइडमध्ये टीएलसी मुळातच कमी किंवा नॉर्मल असतो, इओसिनोफिल गायब. फुटल्यावरही तो फार वर जाईलच असं नाही. इथे ४,५०० चा काउंट बघून थांबलात तर पेशंट हातचा जातो. तापाचा इतिहास, पोट आणि एक्स-रे, या क्रमाने जा.

आकडे कुठल्या पाटीवर लिहायचे

मॅनहाइम पेरिटोनायटिस इंडेक्स, म्हणजे पेरिटोनायटिसचा धोका मोजणारी गुणांची यादी, तुम्हाला परीक्षेतही विचारतील. वय ५० च्या वर ५ गुण, स्त्री ५, अवयव निकामी ७, कर्करोग ४, ऑपरेशनपूर्वी २४ तासांपेक्षा जास्त काळ ४, उगम मोठ्या आतड्यात नसेल तर ४, पोटभर पसरलेलं ६, आणि आतला द्रव पुवाळ असेल तर ६, विष्ठामिश्रित असेल तर १२. जास्तीत जास्त ४७. २१ च्या खाली, २१ ते २९ आणि २९ च्या वर असे तीन गट, आणि तिसऱ्यात मृत्यूचं प्रमाण खूप वाढतं.

या इंडेक्समध्ये रक्तपेशींचा एकही आकडा नाही. म्हणून मी दोन्ही शेजारी ठेवतो. मॅनहाइम सांगतो पोटात काय सापडलं आणि किती उशीर झाला. गुणोत्तर आणि प्लेटलेट सांगतात की या माणसाच्या शरीराने ते कसं घेतलं. मॅनहाइम एकदाच मोजला जातो, ऑपरेशन टेबलावर. पेशी रोज मोजता येतात.

रोजचा तक्ता

केस पेपरच्या आतल्या पानावर पट्टीने पाच रकाने आखा : तारीख-वेळ, टीएलसी, न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर, प्लेटलेट, ताप-नाडी. पहिले तीन दिवस रोज, मग एक दिवसाआड किंवा गरजेप्रमाणे.

फुटलेल्या अपेंडिक्सच्या एका मावशींचा तक्ता मला अजून आठवतो. आल्या दिवशी टीएलसी १८,२००, न्यूट्रोफिल ८८, लिम्फोसाइट ६, गुणोत्तर १४.७. तिसऱ्या दिवशी ११,९००, ७८ आणि १४, म्हणजे ५.६. सगळे खूश, मावशी उठून बसल्या, पेज प्यायल्या. पाचव्या दिवशी टीएलसी १२,४००. "थोडासाच वाढलाय," असं राउंडमध्ये कुणीतरी म्हणालं. पण न्यूट्रोफिल ८६ आणि लिम्फोसाइट ७ झाले होते, गुणोत्तर १२.३, आणि नाडी ८८ वरून १०४. आमच्या हाउसमन मुलीने तक्ता पुढे केला आणि सोनोग्राफी मागितली. ओटीपोटात पुवाचा साठा सापडला. नळी टाकून तो काढला आणि दुसऱ्या पोट उघडण्यातून मावशी वाचल्या. टीएलसीचा एकच रकाना असता तर आणखी दोन दिवस गेले असते.

दुसऱ्या आठवड्यात प्लेटलेट ५-६ लाखांवर जात असतील, ताप बारीक येत असेल, भूक नसेल, तर कुठेतरी पू राहिलाय का ते शोधा. प्लीहा काढलेल्या पेशंटमध्ये मात्र प्लेटलेट तशाही चढतात. आणि आकडे सुधारतायत पण पेशंट सुधारत नाही, तेव्हा पेशंटवर विश्वास ठेवा.

घरच्यांशी बोलताना

बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, रिपोर्ट कसा आलाय?" "काउंट वाढलाय" एवढंच सांगून निघून जाऊ नका, त्यातून त्यांना काहीच कळत नाही. गुणोत्तर, सोफा हे शब्दही नकोत. बसा, डोळ्यांत बघा. मी साधारण असं सांगतो : "ताई, पोटात पू झालाय, ऑपरेशन लागेल. रक्तात इन्फेक्शनशी लढणाऱ्या पेशी असतात. यांच्या त्या कमी पडल्यात, म्हणजे शरीर थकलंय. म्हणून धोका जास्त आहे. आम्ही उशीर करणार नाही. उद्या सकाळी पुन्हा रक्त तपासू आणि मी स्वतः येऊन सांगेन."

टक्के सांगू नका. कुठलाही पेशींचा आकडा एकट्या माणसाबद्दल जगणार की जाणार ते ठरवत नाही, तो पुष्कळ माणसांच्या गटाबद्दल बोलतो. ३,००० च्या काउंटने आलेले आणि चालत घरी गेलेले पेशंटही मी पाहिलेत. पण "काही नाही, ठीक होईल" असंही म्हणू नका. त्या शिवडीच्या माणसाच्या बायकोला, मी पोचायच्या आधी, कुणीतरी रिपोर्ट नॉर्मल आहे असं सांगून टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी ती मला तेवढंच विचारत होती. "रिपोर्ट तर चांगला होता ना, साहेब?"

उद्या सकाळी येऊन सांगेन म्हणालात, तर या. कॉल संपून घरी निघायच्या आधी तक्त्यात पुढच्या सीबीसीची वेळ लिहा, आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला खाटेजवळ नेऊन पेशंट आणि तक्ता दोन्ही दाखवा.